अक्का हो म्हणाली

भेस्तान, सुरत
४ सप्टेंबर १९९७

ती. अक्का,

तुमच्या पाया पडते, पण मनातल्या मनात. खरोखर वाकायचं आता जमत नाही. दारात आधी पोट येतं आणि मग मी, असं शेजारच्या सरलाबाई म्हणतात. त्याचं कारण आता कळलं. सोनोग्राफीत दोन निघाली, जुळं आहे! मी नको नको म्हणत असताना तुमच्या भावानं कामावर, लूमच्या खात्यात, पेढे वाटले.

पण अक्का, पेढ्यांची घाई झाली असं मला आता वाटतं. सोमवारी सरकारी दवाखान्यात तपासायला गेले, तर डॉक्टरबेन म्हणाल्या, पिशवीचं तोंड आत्ताच सैल व्हायला लागलंय. मला सातवा सरत आलाय. दोघांचं ओझं आहे, कधीही कळा येतील म्हणाल्या.  गेल्या वेळचं तुम्हाला काय सांगायचं? तेही सातव्यातच आलं होतं आणि तुमच्याच मांडीवर होतं. श्वास घेताना त्याची छाती कशी आत आत ओढली जायची ते तुम्ही आणि मीच पाहिलंय.

डॉक्टरबेनना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "बेन, बच्चांनां फेफसां हजु काचां छे." फुप्फुसं कच्ची असतात म्हणून अशा लेकरांना श्वास घेता येत नाही. आता एक सुई निघाली आहे. ती आईला द्यायची, नाळेतून ती बाळांपर्यंत जाते आणि त्यांची फुप्फुसं लवकर पिकतात. बारा बारा तासांनी चार सुया घ्यायच्या. पण कळा सुरू होण्याआधी घेतल्या तर चांगलं, गुण यायला एक दिवस एक रात्र तरी जावी लागते. म्हणून आजच ॲडमिट हो म्हणाल्या.

मी कपड्यांची पिशवी घेऊनच गेले होते. पण हे काय औषध आहे असं ह्यांनी विचारलं आणि डॉक्टरबेन म्हणाल्या, स्टिरॉइड. झालं! ह्यांनी संमतीचा, अंगठा उठवायचा कागद तसाच टेबलावर ठेवला आणि मला हाताला धरून बाहेर आणलं. "याच औशदनी मना मायले खादं," एवढंच बोलले. रिक्षात मी खूप समजावलं. शेवटी म्हणाले, अक्काला विचार, अक्का म्हणेल तसं करू. डॉक्टरबेन मागून ओरडून म्हणाल्या, मी आठ दिवस थांबेन, तुमच्या कळा थांबणार नाहीत.

तर अक्का, तुम्ही हो म्हणा. तुमचा शब्द हे खाली पडू देत नाहीत. तुमच्या गावचा फोन बंद आहे म्हणून पत्र लिहितेय, नाहीतर आजच विचारलं असतं. उलट टपाली लिहा. ह्यांना जोडाक्षरं लागत नाहीत, नेहमीसारखं मीच वाचून दाखवीन.

तुमची
सोनाली

•

पिंपळकोठे, ता. अमळनेर
८ सप्टेंबर १९९७

चि. सोनाली,

जुळं आहे हे वाचून देवापुढे साखर ठेवली. पुढचं वाचलं आणि ती साखर तिथेच राहिली.

मला कुणी अडाणी म्हणू नये. अंगणवाडीची सेविका आहे मी. गावातल्या पोटुशा बायकांना धनुर्वाताची सुई घ्यायला मीच ओढत नेते, लोहाच्या गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावते. माझं औषधाशी भांडण नाही. पण हे औषध नको.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा माय नव्हती, म्हणून तुला सांगते. मायला दमा होता. बाजारच्या दिवशी एक डॉक्टर म्हणवणारा यायचा आणि पुड्या द्यायचा. तिसऱ्या दिवशी माय उठून शेतात गेली! तोंड गोल झालं, गाल वर आले. बाया म्हणायच्या, म्हातारीनं बाळसं धरलं. आम्हीही हसायचो. सहा वर्षं हे चाललं. मग एकदा खोकली तर बरगडी मोडली. हाताला बोट लावलं तरी कातडी फाटायची. धुळ्याला नेलं, तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, त्या पुडीत स्टिरॉइड होतं. घरी आणल्यावर आठवड्यात माय गेली. भटू सतरा वर्षांचा होता, दोन दिवस चुलीमागे बसून राहिला. आता तेच विष तुझ्या पोटातल्या दोघांना द्यायचं म्हणतेस?

गेल्या वेळी तू आडावरून घागर आणलीस, मी नको म्हणत होते. या वेळी खाली नळावर जायचं नाही. खाटेच्या पायथ्याशी विटा लाव आणि पडून राहा. देव बघेल.

भटूला हे मोठ्यानं वाचून दाखव: भटू, अक्का नाही म्हणते. नाही म्हणजे नाही. माझी शपथ आहे.

तुझी
अक्का

•

सुरत
२२ सप्टेंबर १९९७

ती. अक्का,

पत्र लिहायला उशीर झाला. हात उचलवत नव्हता.

तुमचं पत्र आलं, पण उशिरा आलं. त्याआधीच, १२ तारखेला, मला ॲडमिट केलं होतं. कागदावर ह्यांचा अंगठाही झाला होता. चारही सुया घेतल्या. तुमचा शब्द मोडायचा म्हणून नाही अक्का, पत्र हाती नव्हतं एवढंच.

१५ तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला दोघं झाली. आधी मुलगी, मग मुलगा. मुलगी रडली. अक्का, मी तिचं रडणं ऐकलं आणि टेबलावर पडल्या पडल्या मोठ्यानं हसले, नर्सला वाटलं मला वेड लागलं. गेल्या वेळचं लेकरू रडलंच नव्हतं ना. मुलगाही रडला, पण बारीक. ती चौदाशे ग्रॅमची, तो अकराशे. दोघांना काचेच्या पेटीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तो गेला. रक्तात जंतू झाले म्हणाले. श्वास चांगला घेत होता अक्का, छाती आत ओढली जात नव्हती. मी काचेतून तेच बघत बसायची. मग अंग निळं पडायला लागलं. ह्यांनी आणि त्यांच्या खात्यातल्या सुकलालनं नेलं त्याला. मला तोंड पाहू दिलं, तेवढं बरं केलं.

मुलगी आहे. नळीनं दूध घेते. पायाच्या बोटाला चिकटपट्टी आणि तिच्यावर माझं नाव, तिचं अजून नाव नाही. हे येतात, काचेजवळ उभे राहतात आणि लूमच्या पाळीवर जातात. तुम्ही त्यांना काही लिहू नका, थोडे दिवस जाऊ द्या.

सोनाली

•

सुरत
२८ सप्टेंबर १९९७

अक्का,

भटूचा नमस्कार. सुकलालच्या हातून लिहून घेतोय. सोनालीला हे लिहायला सांगवत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पाळीवरून येऊन अंघोळीला बसलो होतो. सोनालीनं तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. तू लिहिलंस, भटू, अक्का हो म्हणते, माझी शपथ आहे. मी दुसरा विचार केला नाही. ओल्या अंगानंच शर्ट चढवला आणि दवाखान्यात नेलं.

पोरगा गेला. त्याला मी हातात नेलं, त्याचं वजन लागत नव्हतं.

मायचं काय झालं ते तुला सगळ्यात जास्त माहीत होतं. तरी तू हो म्हटलंस. डॉक्टरबेन म्हणतात सुईनं काही झालं नाही, पण डॉक्टर कधी आपलं औषध वाईट म्हणेल का? मला तुझ्याशी भांडायचं नाही. पोरगी घरी आली की बारसं करू. नाव ठेवायला तू येऊ नको. भाईदासकाकाची मुलगी इथे सुरतेतच उधन्याला राहते, ती पण आत्याच लागते. तिला सांगितलंय.

भटू

अक्का, मी फक्त लिहिणारा आहे. माझ्यावर राग धरू नका. सुकलाल.

•

पिंपळकोठे
४ ऑक्टोबर १९९७

सोनाली,

भटूचं पत्र आलं. चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं सुकलालनं काही भलतंच लिहिलं, पण तो बिचारा कशाला लिहील?

तू म्हणतेस माझं पत्र उशिरा आलं. भटू म्हणतो वेळेवर आलं आणि तू दोनदा वाचलंस. भटू म्हणतो मी हो म्हटलं. मी काय लिहिलं ते मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक आहे.

सख्ख्या भावाच्या लेकराचं नाव ठेवायला त्यानं मला येऊ नको म्हणावं! दोन दिवस अन्न गेलं नाही. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना रडू आलं तर मदतनीस म्हणे, बाई, डोळ्यांत तिखट गेलं का?

मला खरं लिही. गोल गोल लिहू नको.

अक्का

•

सुरत
९ ऑक्टोबर १९९७

ती. अक्का,

खरं लिहिते. मग तुम्ही मला पायरी चढू दिली नाही तरी चालेल.

तुमचं पत्र १२ तारखेला दुपारी आलं. हे मोरीत अंघोळ करत होते, तिथूनच म्हणाले, "अक्कानी काय लिखं शे? वाच." मी उभ्या उभ्या पत्र उघडलं. साखरेचं वाचलं, अंगणवाडीचं वाचलं, ते सगळं जसंच्या तसं वाचलं. मायचं आलं तेव्हा नजर खाली गेली आणि शेवटची ओळ दिसली. तेव्हाच माझं पोट दगडासारखं कडक झालं. सकाळपासून तिसऱ्यांदा होत होतं, मी कुणाला बोलले नव्हते. मला कळलं की आता आठ दिवसही नाहीत आणि चारही नाहीत.

मायचं मी गाळलं. आणि शेवटी वाचलं, भटू, अक्का हो म्हणते. हो म्हणजे हो. माझी शपथ आहे.

तोंडातून गेलं. ते मोरीतून बाहेर आले आणि म्हणाले, परत वाच. तेव्हा माझी खरी तारांबळ उडाली, कारण कागदावर ते नव्हतंच. मी काय बोलले होते ते आठवून पुन्हा तेच बोलले, बोट ओळीवरून फिरवत. ते म्हणाले, "अक्का हा म्हनस ना? मंग चाल." किती हलके झाले होते ते अक्का! तुम्ही हो म्हटलंत म्हणून त्यांच्या मनावरची धोंड उतरली, आणि मी बघत होते.

तुमच्या तोंडून मी खोटं बोलले. दुसऱ्या कुणाच्या नावानं बोलले असते तर त्यांनी ऐकलं नसतं. आणि मग तुम्हालाही खोटं लिहिलं, पत्र उशिरा आलं म्हणून. मला वाटलं दोन्ही लेकरं घरी येतील आणि मग कोण विचारतंय.

मी डॉक्टरबेनना सरळ विचारलं, माझ्या सुईनं पोरगा गेला का? त्या माझ्याजवळ खाटेवर बसल्या. म्हणाल्या, तो फार लहान होता, त्याला जंतू लागले, अशा लेकरांना लागतात. सुई घेतली नसती तर काय झालं असतं ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण मुलगी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या जोरावर श्वास घेतेय, आणि इतक्या लवकर आलेली सगळीच तसा घेत नाहीत. आणि म्हणाल्या, तुझ्या सासूनं सहा वर्षं जे खाल्लं आणि तू दोन दिवसांत ज्या चार सुया घेतल्या, ते एकच नव्हे.

ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही. मला माहेरी घालवून देतील. आणि नाही सांगितलं तर तुम्ही जन्मभर परक्या. मी काय करू ते तुम्हीच सांगा.

सोनाली

•

पिंपळकोठे
१५ ऑक्टोबर १९९७

सोनाली,

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. समोर असतीस तर थोबाडीत दिली असती. माझी शपथ! माझ्या नावानं!

मग दोन दिवस गेले आणि आता लिहायला बसले. तू खरं लिहिलंस, तर मलाही लिहिलं पाहिजे. मायचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं.

पुड्या मी आणायची. बाजारातून, माझ्या हातानं. पण ते सोड, त्यात काय आहे ते कुणालाही कळलं नसतं. धुळ्याच्या डॉक्टरनं आम्हाला घरी सोडताना गोळ्या दिल्या होत्या. म्हणाला होता, हे औषध एकदम बंद करायचं नाही, शरीराला त्याची सवय झालीय, दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत आणा. मी विचारलं, यात पण तेच आहे का? तो म्हणाला, हो, तेच आहे. घरी आले आणि रागाच्या भरात सगळ्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. मायला म्हटलं, आता तुला ते विष एक कणभर देणार नाही. मायनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिसऱ्या दिवशी उलट्या लागल्या, चौथ्या दिवशी उठवेना आणि पाचव्या दिवशी गेली.

पुढे अंगणवाडीच्या प्रशिक्षणात एका डॉक्टरांना मी विचारलं, असं असं झालं तर? माझ्या शेजारणीचं आहे असं सांगितलं. ते म्हणाले, एकदम बंद केल्यानं गेली. बाई हळूहळू बरी झाली असती कदाचित.

माय औषधानं गेली नाही सोनाली. माझ्या भीतीनं गेली. तरी मी तुला नाही म्हणूनच लिहिलं. का ते आता कळतं. ते औषध कुणाच्या भल्याचं असू शकतं असं मान्य केलं असतं, तर मायचं मला मान्य करावं लागलं असतं. ते टाळायला मी तुझी लेकरं पणाला लावली, आणि वर घागरीचा दोष तुझ्या माथी मारला. घागरीनं काही झालं नव्हतं. त्याची मला क्षमा कर.

आता तू काय करायचं ते ऐक. भटूला काही सांगायचं नाही. अक्का हो म्हणाली, असंच राहू दे. तो माझ्यावर रागावला तर मी इथे दूर आहे, तुझ्यावर रागावला तर तुमच्या एका खोलीत तो राग कुठे ठेवाल? पोरीला दोघांची गरज आहे. मायच्या वेळी मला कुणी बोल लावला नाही. लोक म्हणाले, मंगलाबाईनं आईचं किती केलं. तेव्हा आता भटू लावतोय तर लावू दे. बारशाला मी नाही आले तरी चालेल.

हे पत्र वाचून फाडून टाक.

अक्का

•

भेस्तान, सुरत
२६ ऑक्टोबर १९९७

ती. अक्का,

तुमचं ऐकलं नाही. फाडलं नाही.

पोरगी मंगळवारी घरी आली, अठराशे ग्रॅमची होऊन. कापसात गुंडाळून ह्यांनीच आणली. खाली ठेवायला तयार नव्हते. तिच्याकडे बघत म्हणाले, उधन्याच्या ताईला बोलावणं करून ये. मला ते सोसवलं नाही. डब्यातून तुमची दोन पत्रं काढली, पहिलं आणि हे शेवटचं. म्हटलं, बसा, मी वाचते, मध्ये बोलू नका. आणि दोन्ही जशीच्या तशी वाचली. मायचंही, गोळ्यांचंही, मी काय गाळलं आणि काय घातलं तेही सांगितलं. तुम्ही मला बोलणार, बोला.

पोरीवरचा कापूस त्यांनी सारखा केला. मग म्हणाले, गोळ्यांचं मला माहीत होतं. धुळ्याला ते डॉक्टरच्या दाराशी उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. उकिरड्यावर गोळ्याही पाहिल्या होत्या, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. लागला तेव्हा माय गेली होती आणि तुम्ही भिंतीला डोकं आपटत होता. म्हणून ते चुलीमागे जाऊन बसले, आणि आजवर बोलले नाहीत. म्हणाले, एकदा अक्कासाठी गिळलं होतं. पोरगा गेला तेव्हा दुसऱ्यांदा गिळवलं नाही. आणि आता तू सांगतेस, दुसऱ्यांदा अक्कानं काही केलंच नव्हतं.

एवढं बोलून पाळीवर गेले. त्याला आज पाच दिवस झाले. मला माहेरी घालवलं नाही, पण माझ्याशी बोलतही नाहीत. डबा उचलतात आणि जातात. घरी आले की पोरीशी बोलतात. त्यात माझी चूक आहे तर सोसलं पाहिजे. पण अक्का, ती श्वास घेताना तिच्या पोटावर हात ठेवला ना, की मी पुन्हा तसंच वाचलं असतं असं वाटतं. हे ह्यांना सांगू नका.

आज सकाळी, माझ्याकडे न बघता, म्हणाले: "अक्काले लिख. बारसाले ये म्हना. नाव तीच ठेवी." दिवाळीनंतर ९ नोव्हेंबर, रविवार ठरवलाय. स्टेशनवर ते स्वतः येतील. नाव तुम्ही ठरवून या, आम्ही काही सुचवणार नाही.

पत्र इथेच संपवते. पेटीत टाकायच्या आधी हे सुकलालकडून वाचून घेणार आहेत, त्यांनी सांगितलं तेच मी लिहिलंय ना ते बघायला. वरचं, पुन्हा तसंच वाचलं असतं ते, तेव्हा त्यांना कळेलच. कळू दे.

सोनाली

अक्का, पूर्ण पत्र भटूला वाचून दाखवलं. बरोबर लिहिलं आहे. मधल्या एका ओळीला तो थांब म्हणाला, ती पुन्हा वाचायला लावली आणि राहू दे म्हणाला. सुकलाल.